मिलिमीटरची वाकडी सुरी

त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. आईवडिलांनी ठेवलेले नाव होते, नाही असे नाही, पण ते आता सरकारी कागदांपुरतेच उरले होते. सुऱ्या बनवायला लागण्याआधी तो एका कारखान्यात तपासनीस होता. मशीनमधून निघालेला एकेक भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला टाकायचा, हे त्याचे काम. पुढे कारखाना बंद पडला, सवय मात्र चालूच राहिली. भिंतीवर एक फोटो टांगायचा तर त्याची सकाळ जाई. पाव कापला तर सगळे तुकडे जुळ्या भावंडांसारखे निघत. "लग्न ठरवताना माझी उंची मोजायला पट्टी आणली नाही, हेच नशीब," असे त्याची बायको येईल त्या पाहुण्याला सांगत असे, आणि तो दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसत असे.

घराच्या मागच्या खोलीत गेली चौदा वर्षे तो लोकांच्या हाताच्या मापाने सुऱ्या बनवत होता. पुस्तके बांधणारे, चामड्याचे काम करणारे, बागवाले, आचारी, ज्याला जशी हवी तशी. त्याची पद्धत सरळ होती. पोलादाची तयार पट्टी आणायची, तिच्यावर आकार आखायचा, कापायचा आणि ग्राइंडरवर घासत घासत नको तेवढे काढून टाकायचे. नको ते गेले की उरते ती सुरी. घासण्याच्या कामाला उजेड लागतो, म्हणून त्याने खोलीची खिडकी फोडून दुप्पट केली होती आणि छताला चार ट्यूबलाइट लावल्या होत्या. बाकावर स्वतःच्या बोटाची सावली पडलेलीही त्याला खपत नसे. खोली कसली, डोळ्यांच्या डॉक्टरचा दवाखानाच तो.

अशा माणसाने सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात घण का घ्यावा? तर ताईमुळे.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ती एकोणतीस वर्षे रोग्यांचे जेवण करत होती. साडेसहाशे माणसांचे दोन वेळचे जेवण, त्यात कुणाला मीठ नको, कुणाला तेल नको, कुणाला काहीच नको आणि तरी त्याच्या पोटात चार घास गेले पाहिजेत. तिथल्या ओट्यांपैकी खिडकीजवळचा तिचा. सहा महिन्यांपूर्वी ओल्या फरशीवर पाय घसरला, उजवा हात अंगाखाली आला आणि मनगटाचे तुकडे झाले. डॉक्टरांनी आत पट्टी आणि स्क्रू घालून ते जोडले. बोटे पूर्वीसारखी चालू लागली, मुठीत ताकदही आली, पण मनगट काही वळेना. दाराची कडी बसावी तसे ते सरळच्या सरळ बसले.

एका दुपारी ती त्याच्याकडे आली आणि सवयीने स्वयंपाकघरात शिरून कांदा चिरायला लागली. कुणाच्याही घरी गेली तरी ती पाच मिनिटे नुसती बसू शकत नसे. मिलिमीटर पाणी प्यायला आत आला आणि दारातच थांबला. ताईचा कोपर कोंबडीच्या पंखासारखा वर उचललेला होता, खांदा कानाला भिडला होता आणि सुरीचे नुसते टोक कांद्यावर टोचत होते. मनगट खाली वळत नसल्यामुळे पाते पाटावर सपाट टेकतच नव्हते. त्याची चाहूल लागताच तिने उरलेला अर्धा कांदा पालथा घातला.

"राहू दे बाई. डोळे झोंबतात," ती म्हणाली.

एकोणतीस वर्षे कांदा चिरणाऱ्या बाईचे डोळे झोंबत नाहीत, हे त्याला माहीत होते. त्याने स्टूल पुढे सरकवले. मग हळूहळू सगळे बाहेर आले.

"पहिल्या तारखेला सकाळी बोलावलंय. दोन तासांत पंधरा किलो भाजी, बाकीच्यांच्या बरोबरीनं. जमलं तर माझा ओटा मला परत. नाही जमलं तर भांडारात स्टुलावर बसून डबे मोजायचे."

"असं कोण म्हणालं?"

"आमच्या मुख्य बाई. त्यांना बोल लावू नकोस हं. सहा महिने माझी जागा धरून ठेवलीय त्यांनी. पण चार बायकांचं काम तीन बायका किती दिवस ओढणार?" तिने कांद्याच्या साली गोळा केल्या. "स्टूल काय वाईट नाही म्हणा. पाय दुखत नाहीत."

हे म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिले नाही. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि तेव्हापासून या बाईने त्याच्यासमोर कधी मान खाली घातली नव्हती.

"आपण सुरी बदलू," तो म्हणाला.

"सुरीला काय धाड भरलीय? तूच केलेली आहे, चांगली चालते. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतील मला तिथं."

त्या वाक्याने मात्र त्याच्या डोक्यात घर केले. नाचणारीचा पायच सरळ पडत नसेल, तर अंगण मुद्दाम वाकडे करून द्यायला काय हरकत आहे? त्याने कागद ओढला आणि ताईला मूठ आवळून पाटावर हात धरायला सांगितले. मनगट सरळ ठेवून तिची मूठ उभीच राहत होती, करवत धरल्यासारखी. म्हणजे करवतीची मूठ जशी उभी असते, तशी सुरीची मूठ पात्यातून वर उठायला हवी. शिवाय मुठीलगतच्या मानेशी जाडजूड आणि टोकाकडे पातळ होत जाणारे पाते हवे, म्हणजे वजन सुरीनेच उचलावे आणि हाताने फक्त दिशा द्यावी. कागदावर ते झकास दिसत होते. पहिल्या तारखेला सव्वीस दिवस होते.

त्याच्याकडच्या पट्ट्या सपाट आणि सगळीकडे सारख्याच जाड. त्यातून असा वळलेला, इथे जाड तिथे पातळ आकार कापून निघणार नव्हता. त्याने आधी शॉर्टकट मारून पाहिला. पाते वेगळे, मूठ वेगळी, आणि मध्ये वेल्डिंगचा जोड. ताईने तो नमुना हातात घेऊन खालून वर, वरून खाली पाहिला.

"ही सुरी आहे की नळाची तोटी? आणि या फटीत कांद्याचा कण अडकला तर काढायचा कशानं, टूथब्रशनं? हॉस्पिटल आहे ते, छोट्या."

सहा फुटी माणसाला छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच होती. तिचे म्हणणे खरे होते. सुरी एकसंध हवी, आणि एकसंध वाकडी सुरी हवी तर पोलाद तापवून ठोकण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्या कामाला तो इतकी वर्षे "अंदाजपंचे दाहोदरसे" म्हणून नाक मुरडत आला, तेच काम दारात येऊन उभे राहिले.

त्याने भंगारातून ट्रकच्या ब्रेकचा ड्रम आणला, खालून भोक पाडून त्याला नळी जोडली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बायकोचे केस वाळवायचे यंत्र बांधले. बायकोला हे दोन दिवसांनी, डोके धुतल्यावर कळले. भट्टी खिडकीखाली, ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा, आणि पोलादाच्या दहा मिलिमीटर जाडीच्या चार पट्ट्या. तसली जाड पट्टी दुकानात एवढीच शिल्लक होती. चार पुष्कळ झाल्या, असे त्याला वाटले. तो माणूस आयुष्यात कधी दुसरी पट्टी वाया घालवणारा नव्हता.

तापलेल्या पोलादाचा रंग बघून काम करायचे असते, हे त्याने वाचले होते. ठोकताना नारिंगी, तेलात बुडवून कडक करताना डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. आता रंग म्हणजे काही माप नव्हे, म्हणून त्याने बंदुकीसारखे एक तापमापक आणले. ते पाचशे अंशांपर्यंत शहाण्यासारखे बोले आणि पुढे नुसत्या रेघा दाखवी. मग त्याने लोहचुंबक टांगले. पोलाद पुरेसे तापले की चुंबक त्याला धरत नाही. हे साधन चांगले, पण ते पुरेसे तापले एवढेच सांगते, जास्त तापले ते सांगत नाही. शेवटी त्याने रंगांचा एक छापील तक्ता आणला, शेजारी शेजारी बारा चौकोन आणि प्रत्येकाखाली आकडा. आकडे पाहून त्याच्या जिवात जीव आला. तक्ता त्याने भट्टीशेजारी भिंतीवर डकवला आणि तो नीट दिसावा म्हणून वर एक पाचवा दिवा बसवला. आपल्या गोष्टीत घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच, पण ते त्याला कळायला अजून अवकाश होता.

पहिल्या दिवशी त्याने पट्टी तापवली, सांडशीत धरली आणि हातोडा घातला. पोलाद हलले. चिखलासारखे नव्हे, पण त्याने कधी कल्पना केली नव्हती इतके आज्ञाधारकपणे ते बाजूला सरकले. चौदा वर्षे तो पोलादातून काहीतरी काढून टाकत आला होता. संध्याकाळी खोलीभर जी काळी पूड पडलेली असे, ती सगळी कुठल्या ना कुठल्या सुरीचीच होती. इथे मात्र काहीच जात नव्हते. इथले तिथे होत होते, जाडीचे लांबीत जात होते. तो दोन तास ठोकत राहिला आणि किती आनंद झाला आहे हे त्याचे त्यालाच जेवताना कळले, कारण हाताने घास उचलवत नव्हता आणि तरी तो हसत होता.

आनंद तेवढाच. धारेच्या बाजूने ठोकले की पाते पाठीकडे वळते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सुरीचे केळे झाले. ते सरळ करायला त्याने पट्टी पुन्हा आत सरकवली, तक्त्यातल्या नारिंगी चौकोनाशी रंग जुळायची वाट पाहिली, आणि बाहेर काढली तर टोकातून ठिणग्यांचा फवारा उडाला. हातोडा पडताच टोकाचा भुगा झाला. पोलाद चक्क जळले होते.

"रंग नीट दिसत नाही," असा निष्कर्ष त्याने काढला, आणि भट्टीवर सहावा दिवा लावला.

दुसरी पट्टी त्याने सांभाळून हाताळली. केळे होऊ दिले नाही. मूठ वळवली, तेलात बुडवली, पाते सरळ राहिले. कानस लावून पाहिली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पाते कडक झाले होते. सुरी तरी कसली देखणी. त्याने ती बायकोला दाखवायला उचलली, बाकाच्या कडेला तिचा जरासा धक्का लागला आणि तिचे दोन तुकडे होऊन एक त्याच्या पायाशी पडला.

बायकोने तुकड्याकडे पाहिले, मग छताकडे पाहिले. "अहो, इथे ऑपरेशन करायचंय का कुणाचं? डोळे दिपतात माझे."

"उजेड अजून कमीच पडतोय," तो म्हणाला. सातवा दिवा त्याने टेबलावरचा आणून पट्टीवरच रोखला.

पहिली तारीख आता आठ दिवसांवर आली होती. तिसऱ्या पट्टीच्या वेळी ताई स्वतः येऊन बसली. मूठ तिच्या हाताला बसवून पाहायची होती, आणि घरी बसून तिला चैनही पडत नव्हते. तिने स्टूल ओढले, पदर खोचला आणि एखाद्या सुनेचा पहिला स्वयंपाक पाहावा तशी ती त्याचे काम पाहत बसली. मिलिमीटरने पट्टी तापवली, ठोकली, वळवली, पुन्हा तापवली. चुंबकाने सोडले. तक्त्यातला डाळिंबी रंग अजून आला नव्हता, म्हणून त्याने आणखी थोडी वाट पाहिली. रंग जुळला तशी त्याने पट्टी तेलात बुडवली. तेलातून बारीकसा आवाज आला, टिंग. काचेचा पेला तडकावा तसा.

पात्याला मधोमध केसाएवढी भेग गेली होती. त्याने पट्टी बाकाच्या कडेवर आपटली आणि ती सहज मोडली. मग तो खाली, कोळशाच्या पोत्यावर बसला. एकच पट्टी उरली होती.

"ताई, माझ्याच्यानं नाही होणार हे," तो म्हणाला. "मला घासता येतं. ठोकणाऱ्याची जात वेगळी असते. तुला उगाच आशेला लावलं."

ताईने मोडलेला तुकडा उचलून नाकाशी धरला. मोडलेली कड चमचम करत होती.

"हे आत साखरेसारखं दाणेदार का दिसतंय रे? जाडी साखर."

"जास्त तापलं की कण मोठे होतात. पण मी जास्त तापवलंच नाही. तक्त्याशी रंग जुळवून तापवलं."

"कुठल्या तक्त्याशी?"

त्याने बोट दाखवले. ताईने तक्ता पाहिला, त्याच्यावरचा दिवा पाहिला. मग छतावरच्या चार ट्यूब, भट्टीवरचा दिवा, पट्टीवर रोखलेला दिवा आणि शेवटी ती दांडगी खिडकी, जिच्यातून दुपारचे ऊन थेट निखाऱ्यांवर पडले होते.

"तो मोडका तुकडा घाल बरं परत आत," ती म्हणाली.

त्याने घातला. थोड्या वेळाने तिने विचारले, "आता कसला रंग आहे?"

"काही नाही अजून. काळपटच आहे."

ताई उठली. भिंतीला टेकवलेला एक मोठा पुठ्ठा तिने डाव्या हाताने उचलला आणि भट्टीवर आडवा धरून सावली केली. "आता बघ."

मिलिमीटर वाकला. पुठ्ठ्याच्या सावलीत तो काळपट तुकडा पिकल्या डाळिंबासारखा लालबुंद पेटलेला होता. तिने पुठ्ठा काढला, तुकडा काळा. धरला, लाल. काढला, काळा. असे तिने तीनदा केले, कारण भावाचे डोके कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

"मागं आमच्याकडे नवे पांढरे दिवे बसवले," ती परत स्टुलावर बसत म्हणाली. "आठवडाभर सगळ्यांचा कांदा करपत होता. कढईत बघावं तर फिका, म्हणून आणखी परत, आणखी परत. ताटात घेऊन बाहेर गेलं की काळा. मी म्हटलं, कांदा तोच, कढई तीच, बाईही तीच. मग कढईवरचा दिवाच घालवला. तूही तेच करतोयस. पोलाद करपवतोयस, आणि करपलं की आणखी एक दिवा लावतोयस. चांगला उजेड पाडलास."

सात दिवे त्याने स्वतःच्या हाताने लावले होते. मापाच्या बाबतीत आपल्याइतका काटेकोर माणूस पंचक्रोशीत नाही, असा त्याचा समज होता, आणि त्या काटेकोरपणानेच तीन पट्ट्या खाल्ल्या होत्या. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग हसू आले. दोघे भावंडे इतकी हसली की बायको काय झाले म्हणून बघायला आली.

"तुमच्याकडे जाड चादर आहे का एखादी?" ताईने तिला विचारले. "खिडकीला लावायला. काळी असली तर उत्तम."

काळी नव्हती. निळ्या रंगाची, मोठमोठ्या पिवळ्या फुलांची एक जुनी दुलई होती. भर दुपारी ती खिडकीवर खिळ्यांनी ठोकली गेली आणि मिलिमीटरने एकेक करून साती दिवे घालवले. शेवटचा घालवताना त्याचा हात जरा अडखळला. त्या खोलीत चौदा वर्षांत दिवसाउजेडी अंधार झाला नव्हता.

डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग त्याने मोडक्या तुकड्यांवर दोन दिवस नुसता सराव केला. तापवायचे, बघायचे, निवू द्यायचे. पोलादाच्या पोटात काय काय चालते ते त्याने पहिल्यांदाच पाहिले. तांबूस रंग कडेने आत शिरायचा, आणि लाल होता होता एका क्षणी त्याच्यातून एक सावली सरकत जायची, पाण्यावरून ढगाची जाते तशी. ती सावली गेली की चुंबक सोडायचे. दर वेळी, न चुकता. तीच खूण होती. तिला ना आकडा होता ना चौकोन, पण ती कुठल्याही मापाइतकी पक्की होती, आणि हे कळल्यावर त्याला तक्ता भिंतीवरून काढताना वाईट वाटले नाही.

चौथ्या पट्टीची वेळ आली तेव्हा पहिल्या तारखेला चार दिवस उरले होते. त्या सकाळी ताई आली. पट्टी नारिंगी झाली, सावलीतली खरी नारिंगी, तसा त्याने हातोडा उचलला. टोकाकडे पातळ, मानेशी जाड. पाते केळ्यासारखे वळायला लागले की उलट बाजूने दोन घाव, पुन्हा सरळ. मूठ वळवताना त्याचा हात सवयीने कोनमापकाकडे गेला. काळोखात त्यावरचे आकडे दिसेनात.

"कागदावर किती काढला होतास?" ताईने विचारले.

"सत्तर अंश."

"ते सत्तर राहू दे तुझ्यापाशी." तिने बाकावरची एक काठी मुठीत धरली आणि हात बाकावर टेकवला. "हे बघ. एवढं."

त्याने तिच्या मुठीकडे पाहिले आणि पोलाद वळवले. मध्ये थांबून पुन्हा पाहिले, पुन्हा थोडे वळवले. त्या उभ्या मुठीखेरीज माप घ्यायला त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते. मग शेवटची आच. रंग आला, सावली सरकली, चुंबकाने सोडले आणि त्याने पाते तेलात घातले. तेल गुरगुरले. दोघेही कान देऊन उभे राहिले. टिंग असा आवाज काही आला नाही.

त्यानंतर पाते बायकोच्या ओव्हनमध्ये दोन तास मंद आचेवर ठेवायचे होते, म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो. ओव्हनला आकडे असलेली चकती होती. ती फिरवताना मिलिमीटरचा चेहरा इतका सुखावला की बायकोने केसांच्या यंत्राबद्दल पुढे काही बोलायचे सोडून दिले.

पाते निवल्यावर त्याने ते बाकापाशी आणले. जिथे दुसरी सुरी मोडली होती, त्याच कडेवर ते मुद्दाम आपटायचे होते. सुरी मोडलीच तर दुसरी पट्टी नव्हती आणि दिवसही नव्हते. न आपटताच देऊन टाकावी, असे त्याला क्षणभर वाटले. पण कारखान्यातल्या तपासनिसाने त्याला तसे करू दिले नाही. त्याने डोळे मिटले आणि आपटले. घंटेसारखा लांब नाद निघाला आणि सुरी त्याच्या हातात अख्खी राहिली. ताईने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला.

पाते घासून, लाकडाची मूठ बसवून, धार लावून सुरी तयार झाली तेव्हा त्याने दुलई काढली आणि सगळे दिवे लावून तिच्याकडे पाहिले. पाठीवर हातोड्याचे ठसे होते. मानेपाशी एक बाजू दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर जाड होती. त्याने दोनदा मोजले. दीडच.

"हे एवढं घासून टाकतो, थांब," तो म्हणाला.

"हात लावशील तर बघ." ताईने सुरी त्याच्या हातातून काढून घेतली, घरातून आणलेल्या पाटावर कांदा ठेवला आणि चिरायला सुरुवात केली. कोपर अंगाशी होता. खांदा जागच्या जागी होता. पाते पाटावर सपाट पडत होते आणि खट खट खट असा तो जुना आवाज खोलीत भरला, जो त्याने अकराव्या वर्षापासून रोज संध्याकाळी अभ्यासाला बसल्यावर ऐकला होता. कांदा संपला तरी तिने मान वर केली नाही. "कांदा मेला झोंबतो," ती म्हणाली, आणि या वेळी ते त्याने चालवून घेतले.

पहिल्या तारखेला तो सकाळपासून खोलीत बसून होता. एका बागवाल्याची कात्री समोर होती, तिला त्याने हात लावला नाही. कांदा चिरणे वेगळे आणि अनोळखी नजरांसमोर दोन तास उभे राहणे वेगळे. मनगट सुजले तर? मूठ घामाने घसरली तर? तिथे कुणी वाकड्या सुरीला हसले तर? दहा वाजले, बारा वाजले, दीड वाजला. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

तीन वाजता ताई दारातून आत आली. तिच्या अंगाला भाजीचा आणि साबणाचा वास येत होता. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली आणि त्याच्यापुढे बाकावर ठेवली. मुठीचे लाकूड पाण्याने काळवंडले होते. त्याने सवयीने अंगठा धारेवरून आडवा फिरवला.

"बोथट झालीय," तो म्हणाला.

"होणारच. पंधरा किलो झाल्यावर मुख्य बाई म्हणाल्या, आता आलीच आहेस तर दुपारचंही उरकून जा. सगळ्या जणी एकेकदा हातात घेऊन बघत होत्या. आता लवकर धार लाव छोट्या, उद्या सकाळची पाळी आहे माझी."

मिलिमीटरने सुरीकडे पाहिले. चौदा वर्षांत त्याच्या कितीतरी सुऱ्या धारेला परत आल्या होत्या, पण आपली सुरी बोथट झाली म्हणून त्याला असा आनंद कधी झाला नव्हता. धार लावायला उजेड लागतो. तो उठला, सगळे दिवे लावले, दगड ओला केला आणि पाते त्यावर टेकवून तसाच थांबला.

"काय झालं रे? डोळ्यांना काय झालं तुझ्या?"

"दिवे फार आहेत गं," तो म्हणाला.

ताईने स्टूल ओढून त्याच्याजवळ घेतले आणि त्यावर बसली. दिवे घालव, असे या वेळी ती म्हणाली नाही.